घराची रंगरंगोटी आणि घरातले मूल

पितृपक्ष संपत आला की रंगाऱ्यांना मागणी येते. दसरा-दिवाळी, घरातले लग्न, वास्तुशांत, आणि लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार असणे, हे आपल्याकडे घर रंगवण्याचे ठरलेले प्रसंग. भिंतींना चुना किंवा डिस्टेंपर लागतो आणि लाकडाला ऑइलपेंट. माजघरातले जुने कपाट बाहेर ओढले जाते, कोरड्या पॉलिशपेपरने खसाखसा घासले जाते, पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडले जातात, आणि दोन दिवसांत त्यावर नवा हात चढून ते नव्या पाहुण्याच्या दुपट्या-झबल्यांसाठी सज्ज होते. यात आनंद आहे, आपुलकी आहे. पण बालरोगतज्ज्ञ म्हणून या प्रसंगाकडे पाहताना एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या मुलासाठी आपण घर सजवतो, त्याच मुलाला त्या सजावटीच्या पद्धतीपासून सर्वांत अधिक धोका असतो.

रंग देण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो जुना रंग कोरडा खरवडण्याच्या आणि जाळून काढण्याच्या रीतीला. ती रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याची जबाबदारी रंगाऱ्याइतकीच आपणा डॉक्टरांचीही आहे, हे या लेखाचे सांगणे.

शिसे घरात आले कसे?

आपल्या भाषेतच या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. जुना सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे पिवळसर ऑक्साइड. हे पदार्थ शतकानुशतके रंगाच्या दुकानात आहेत. पुढे पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी शिशाचे क्रोमेट आले, आणि ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळली जाऊ लागली. शिशामुळे रंग झाकण चांगले देतो, चमकतो, ऊनपाऊस सोसतो. कारखानदाराला ते सोयीचे होते, गिऱ्हाइकाला आवडत होते. गंमत अशी की ज्या शिसपेन्सिलीच्या नावातच शिसे आहे तिच्यात ते औषधालाही नसते, आणि ज्या कपाटाच्या नावात ते नाही त्याच्या अंगावर मात्र थरांवर थर असू शकतात.

हा धोका वैद्यकाला नवा नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ब्रिस्बेन येथे लॉकहार्ट गिब्सन आणि जेफरिस टर्नर या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाची विषबाधा झालेली मुले पाहिली. ती कोठून होते याचा माग काढत गिब्सन १९०४ मध्ये घरांच्या ओसऱ्यांच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंत पोहोचले. उन्हाने त्या रंगाची भुकटी होत असे, मुलांचे हात तिला लागत आणि तेच हात तोंडात जात. १९२२ मध्ये त्या प्रांताने मुलांच्या हाती लागेल अशा जागी शिसेयुक्त रंग वापरण्यावर कायद्याने बंधन आणले. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशाला १९७८ मध्ये मर्यादा घातली. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे नियमन करणारे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाले आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, अमलात आले. त्यांनुसार रंगात वजनाच्या दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये आणि तसे डब्यावर नमूद असले पाहिजे. गिब्सन यांचा लेख आणि आपला नियम यांत ११२ वर्षांचे अंतर आहे. या अंतरात जे रंगवले गेले ते अजून आपल्या घरांत उभे आहे.

सागवान टिकते, म्हणून रंगही टिकतो

बेज्जूरचा परिसर म्हणजे प्राणहितेच्या अलीकडचा वनप्रदेश. पलीकडच्या तीरावर गडचिरोली जिल्हा, अलीकडे पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा; २०१६ च्या पुनर्रचनेनंतर बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. नदीच्या दोन्ही अंगांना सागाची जंगले, आणि दोन्ही अंगांना नात्यागोत्याचे येणेजाणे. येथल्या घरातले लाकूडसामान पिढ्यान्‌पिढ्या चालते. शहरात प्लायवूडचे कपाट दहा-पंधरा वर्षांत भंगारात जाते आणि आपला रंगही बरोबर घेऊन जाते. सागवानी फडताळ, दारांच्या चौकटी, जाळीचे दुभत्याचे कपाट, देवघर ही मात्र आजोबांकडून नातवाकडे येतात. वाळवी लागत नाही, वाकत नाहीत, म्हणून टाकवत नाहीत. दर काही वर्षांनी त्यांच्यावर नवा हात दिला जातो. वरचा हात २०१७ नंतरचा, कायद्यात बसणारा असला, तरी त्याखालचे चार हात कोणत्या काळातले आहेत हे कोणी विचारत नाही. पॉलिशपेपर मात्र त्या चारही थरांपर्यंत पोहोचतो.

रंगवलेल्या लाकडाचे या भागाला वावडे नाही, उलट अभिमान आहे. याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील निर्मल हे गाव रंगीत लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रकामासाठी देशभर ओळखले जाते. महाराष्ट्रात तोच मान सावंतवाडीचा. त्यामुळे 'रंगच नको' असला कोरडा उपदेश येथे कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. रंग हवा, पण शिसे नको, एवढीच मागणी आहे.

चिमूटभर भुकटीचा हिशेब

जुन्या ऑइलपेंटांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत, वजनाच्या एक टक्का किंवा त्याहूनही अधिक शिसे असणे जगभरच्या तपासण्यांत वारंवार आढळले आहे. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटते. आता हिशेब करून पाहू. कपाट घासताना उडालेली शंभर मिलिग्रॅम भुकटी, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी, घेतली तर तिच्यात एक हजार मायक्रोग्रॅम शिसे असेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातून येणाऱ्या शिशासाठी २०२२ मध्ये धरलेली संदर्भपातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ती चिमूट त्या पातळीच्या सुमारे साडेचारशे पट. कायद्यात बसणाऱ्या नव्या रंगाच्या तेवढ्याच भुकटीत ९ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. तीही मुलाने खावी अशी नव्हेच, पण दोहोंतला फरक कायद्याचे मोल सांगून जातो.

ही भुकटी मुलाच्या पोटात जाण्यासाठी त्याने कपाट चाटावे लागत नाही. ती जमिनीवर, सतरंजीवर, पाळण्याच्या दोरीवर बसते. रांगणारे मूल हातांवर चालते आणि तेच हात तोंडात घालते. खाल्लेल्या शिशापैकी प्रौढाच्या तुलनेत मूल चार-पाच पट अधिक शिसे शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. रक्तक्षयी मुले माती आणि भिंतीचे पोपडे खातात, हे आपण सर्व जाणतो. आपण त्यांना लोह आणि जंताचे औषध देतो, आणि ते योग्यच आहे. पण ते पोपडे कशाचे होते, हा प्रश्न बहुधा विचारायचा राहतो. अशा मुलात लोहाची कमतरता शिशाला वाट करून देते, आणि शिसे रक्तनिर्मितीत अडथळा आणून रक्तक्षय वाढवते. हे दुष्टचक्र आहे.

न दिसणारे नुकसान

शिशाची तीव्र विषबाधा, म्हणजे पोटातील कळा, बद्धकोष्ठ, झटके, बेशुद्धी, आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. ती क्वचित दिसते, म्हणून शिसे क्वचित असते असा आपला समज होतो. हा समज चुकीचा आहे हे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी दाखवून दिले. त्यांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्ध्यंकात आणि वर्गातील एकाग्रतेत मागे होती. त्यांपैकी कोणालाही विषबाधा झाली आहे असे कोणत्याही डॉक्टराला वाटले नव्हते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची दखल घेण्याजोगी पातळी कशी खाली आणत नेली, ते पाहण्यासारखे आहे. दर डेसिलिटरला १९७१ मध्ये ४० मायक्रोग्रॅम, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. शिसे तेच होते, मुलेही तीच होती. आपली नजर तेवढी सूक्ष्म होत गेली. आज निर्धोक म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील. हे सारे शिसे रंगातले नव्हे. पेट्रोलमधले शिसे आपण २००० मध्ये बंद केले, पण जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे घरगुती धंदे, भेसळीची हळद, काही भांडी, काही भस्मे हेही मार्ग आहेत. रंग हा त्यांपैकी एक. मात्र तो आपल्या घरात आहे आणि त्याबाबत काय करायचे ते आपल्या हाती आहे.

'आधी होऊ द्या, मग उपचार करू' असे येथे म्हणता येत नाही. रक्तातील शिसे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे देतात आणि ती जीव वाचवतात. पण २० ते ४४ या पातळीतील मुलांना सक्सिमर देऊन केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असे आढळले की रक्तातील शिसे उतरले, तरी बुद्धीच्या चाचण्यांत काहीही लाभ झाला नाही. गेलेले परत आणणारे औषध आपल्याजवळ नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपचार.

गर्भवतीची गोष्ट आणखी नाजूक. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना बाळासाठी हाडांतले कॅल्शियम सुटते, त्याबरोबर शिसेही सुटते, आणि ते वारेतून बाळापर्यंत जाते. तिच्या लहानपणीचे शिसे असे तिच्या बाळाला पोहोचते. त्यात नेमक्या सातव्या महिन्यात माहेरचे कपाट कोरडे खरवडले जात असेल, तर आपण जुन्या ठेवीत नवी भर घालतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: 'आम्ही याच घरात वाढलो, आम्हाला काय झाले?' शिशाने झालेले नुकसान ज्याचे त्याला कळत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. ज्याचा बुद्ध्यंक चार-पाच गुणांनी घटला तो चारचौघांसारखाच दिसतो. तो कसा झाला असता, याची तुलना करायला दुसरा तो कोठेच नसतो. शिवाय बचावलेल्यांनीच साक्ष द्यायची ठरवली तर देवीची लसही अनावश्यक ठरली असती.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हातावर पोट असलेल्या रंगाऱ्याला आणि काटकसरीने सण करणाऱ्या गृहस्थाला हे परवडेल का? पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पाणी, जुने कापड, प्लॅस्टिकचा कागद आणि थोडा अधिक वेळ लागतो. वेळेचे मोल रंगाऱ्याला मिळाले पाहिजे हे खरे. ते आपण द्यावे.

तिसरा आक्षेप आपल्याच व्यवसायबंधूंचा असतो. मलेरिया, कुपोषण, क्षय यांच्यापुढे शिशाचे काय घेऊन बसलात? आक्षेप प्रामाणिक आहे, पण कुपोषित आणि रक्तक्षयी मूलच शिसे अधिक शोषते. म्हणजे हा प्रश्न त्या प्रश्नांहून वेगळा नाही, त्यांच्याच पाठीवर बसलेला आहे. आणि याच्या प्रतिबंधासाठी ना नवी इमारत लागते ना नवे पद.

कपाट रंगवावे कसे?

सर्वप्रथम एक गृहीतक धरावे. २०१७ पूर्वी ऑइलपेंट दिलेल्या प्रत्येक लाकडावर शिसे आहे, असे समजूनच काम करावे. खेड्यात तपासणीचे यंत्र नाही, आणि जपून वागण्यात तोटा काही नाही.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नये. स्वयंपाकघरातील कपाटावर तेलाचा चिकटा असतो. तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून, पूर्ण वाळू द्यावा. मग पाण्यात भिजवलेल्या वॉटरपेपरने चमक मरेल इतकेच हलके घासावे, पुसावे, अस्तर द्यावे आणि नवे हात द्यावेत. जुना रंग नव्याखाली बंद झाला की तो निरुपद्रवी राहतो. अपवाद घासणाऱ्या कडांचा, म्हणजे दाराच्या कडा आणि खणांच्या बाजू. तेथे रंग पुन्हा झिजून भुकटी होते. म्हणून दार अडकत असेल तर आधी सुताराकडून बिजागरी नीट करून घ्यावी.

पोपडे सुटले असतील तर पल्ले बिजागऱ्यांतून काढून घराबाहेर, विहीर, परसातील भाजी आणि कोंबड्यांपासून दूर न्यावेत. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, लाकडावर पाणी शिंपडत राहून ओलेच खरवडावे. कोरडा पॉलिशपेपर आणि घासण्याचे विजेचे यंत्र वापरू नये. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढणे हे सर्वांत वाईट, कारण त्यातून शिशाचा धूर होतो. तोंडाला फडके बांधून ही भुकटी थांबत नाही. एन-९५ मुखपट्टी लागते. काही पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. बंद खोलीत त्याची वाफ घातक ठरते आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे हृदयरुग्णांनी विशेष ध्यानात घ्यावे.

खरवडलेले पोपडे पिशवीत बांधून टाकावेत. उकिरड्यावर उधळू नयेत, चुलीत तर मुळीच घालू नयेत. आपल्याकडे मोडक्या रंगीत चौकटी आणि फळ्या न्हाणीघराच्या चुलीत सर्रास जळतात. शिसे जळून नाहीसे होत नाही. काही धुरात जाते, उरलेले राखेत राहते, आणि तीच राख भांडी घासायला घेतली जाते. रंगवलेले लाकूड सरपण नव्हे, एवढे एक वाक्य घरोघरी पोहोचले तरी पुष्कळ झाले.

सहा वर्षांखालील मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी हे काम चालू असताना त्या घरात राहू नये. परत कधी यावे, तर वास गेल्यावर नव्हे, सफाई पूर्ण झाल्यावर. लोक वासावरून धोका ओळखतात. वास टर्पेन्टाईनचा असतो, शिशाला वास नाही. सफाई केरसुणीने करू नये, तिने भुकटी पुन्हा उडते. ओल्या फडक्याने, साबणाची एक बादली आणि धुण्याची दुसरी बादली घेऊन, जमीन दोनदा पुसावी, आणि ती फडकी फेकून द्यावीत. लेक सातव्या महिन्यात येणार असेल तर रंगाचे काम पाचव्या-सहाव्या महिन्यातच उरकून घ्यावे.

नवा रंग घेताना डब्यावरचा शिशाचा उल्लेख वाचून घ्यावा. माळ्यावरचे जुने डबे 'संपवून टाकू' म्हणून वापरू नयेत. २०१६ चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत, औद्योगिक रंगांना लागू नाहीत. म्हणून गाडीचा किंवा यंत्राचा उरलेला रंग पाळण्याला आणि कपाटाला लावू नये. शक्य असेल तेथे पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा, आणि धान्य व खाद्यपदार्थ ठेवायच्या कपाटाचा आतला भाग न रंगवलेलाच ठेवावा.

आणखी दोन धोके शिशाचे नाहीत, पण याच कामाबरोबर घरात येतात. पहिला टर्पेन्टाईनचा. ते शीतपेयाच्या बाटलीत ओतून कोपऱ्यात ठेवलेले असते आणि तहानलेले मूल ते पिते. अशी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. घरचे लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात, आणि पोटातले तेल फुप्फुसात जाते. टर्पेन्टाईन, थिनर किंवा रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये, काही पाजू नये. बाटलीसह तडक दवाखान्यात आणावे. दुसरा धोका आगीचा. थिनरची वाफ चुलीपर्यंत पोहोचते, आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी ढिगाऱ्यात पडून राहिली की आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून ठेवावीत किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत.

रंगाऱ्याला विसरू नये. तो वर्षातून एका नव्हे, शंभर कपाटांना हात लावतो. त्याच्या पोटातील कळा, रक्तक्षय आणि मनगटाचा लुळेपणा यांमागे शिसे असू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक गटात धरला आहे. आणि त्याच्या कपड्यांवरची भुकटी त्याच्या घरी, त्याच्या मुलांपर्यंत जाते. काम संपल्यावर हातपाय धुऊन कपडे बदलायला त्याला पाणी आणि जागा देणे हे घरधन्याचे कर्तव्य आहे.

आपण काय करावे?

इटलीच्या रामाझिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: व्यवसाय कोणता? त्या एका प्रश्नाने वैद्यकाची एक शाखा उभी राहिली. मुलांच्या बाबतीत आपणही एका प्रश्नाची भर घालावी: घर अलीकडे कधी रंगवले, आणि जुना रंग कसा काढला? माती खाणारे मूल, लोहाने न सुधारणारा रक्तक्षय, कारण न सापडणारी पोटदुखी, बोलण्यात वा अभ्यासात मागे पडलेले मूल, रंगाऱ्याचे किंवा बॅटरीकाम करणाऱ्याचे मूल, या सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संशय आल्यास रक्तातील शिसे तपासावे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही तपासणी होते. गर्भवतीच्या तपासणीतही बाळंतपण कोठे होणार हे आपण विचारतोच. त्याला जोडूनच तेथे रंगकाम निघणार आहे का, हेही विचारता येईल.

संस्था म्हणूनही आपल्याला काही करता येईल. मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्यांना समजेल असे एक पानी पत्रक काढावे. सणापूर्वी परिसरातील रंगाऱ्यांची एक बैठक घ्यावी. उपदेशासाठी नव्हे, त्यांचे रक्त तपासण्यासाठी आणि त्यांच्या अडचणी ऐकण्यासाठी. दुकानदारांना डब्यावरील उल्लेख दाखवून माल विकण्याची विनंती करावी. खेळण्यांच्या दर्जाचा सक्तीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला, पण त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना सूट आहे. निर्मलसारख्या कलेला ही सवलत जगण्यासाठी हवीच. मात्र सवलतीबरोबर कारागिराला शिसेविरहित रंग रास्त दरात पुरवण्याची हमी शासनाने द्यावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. त्यात पहिला लाभ कारागिराच्या स्वतःच्या मुलांचा आहे.

आपल्या व्यवसायाने देवी आणि पोलिओ घालवले ते सरकारी यंत्रणेच्या आणि लसीच्या बळावर. शिशावर लस नाही. येथे लागते ती एक बादली पाणी, थोडी सबुरी आणि तपासणीच्या खोलीत वेळेवर विचारलेला एक प्रश्न. येत्या रंगकामाच्या हंगामाआधी आपल्यापैकी प्रत्येकाने तो दहा घरी विचारला, तरी काही पाळण्यांखालची जमीन निश्चितच स्वच्छ राहील.